दप्तर कोणाचे? स्वतःच्या बळावर हिशेब शिकणाऱ्यांचा इतिहास

कोणत्याही कामाला आरंभ करणे याला आपण 'श्रीगणेशा करणे' म्हणतो. जुन्या दुकानदाराची वही उघडली तर पहिल्या पानावर 'श्री' दिसतो आणि त्याच्या खाली जमा-नावे सुरू होते. पोराच्या पाटीवरची पहिली ओळही गणेशाच्याच नावाची. अक्षर आणि हिशेब, दोहोंचा आरंभ एकाच देवाच्या साक्षीने करण्याची आपली रीत आहे. मात्र पाटी फार काळ मोजक्याच घरांत होती आणि हिशेबाचे दप्तर त्याहूनही कमी घरांत. ते दप्तर घराण्याच्या हातातून परीक्षा देणाऱ्या कोणाच्याही हातात कसे आले, याचा हा थोडक्यात आढावा. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कोणी ना कोणी नोकरी सांभाळून, रात्री कंदिलाच्या किंवा ट्यूबलाइटच्या उजेडात जमाखर्चाची पुस्तके वाचलेली आहेत. हा इतिहास त्यांचा आहे.

मी पेडणे तालुक्यातल्या हळर्णचा. शापोरा नदीकाठचे हे लहान गाव, पण पोर्तुगीजांच्या इतिहासात त्याचे नाव मोठे आहे. 1746 साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला. त्या विजयाच्या गौरवार्थ पोर्तुगालच्या राजाने त्याला 'मार्केज द आलोर्न' हा किताब दिला. आलोर्न म्हणजे आमचे हळर्ण. पुढे 1788 मध्ये पेडणे महाल कायमचा पोर्तुगीज अमलाखाली गेला आणि 'नव्या काबिजादी'चा भाग झाला. राज्य बदलले तरी गावचा वसूल आणि गावचा हिशेब थांबला नाही. राजा कोणीही असो, जमिनीचा, खंडाचा आणि देवळाचा हिशेब कोणीतरी ठेवावाच लागतो.

घराण्याची विद्या

तो हिशेब ठेवणारी माणसे ठरलेली असत. देशावर आणि कोकणात गावचा हिशेब कुळकर्ण्याकडे आणि महालाचा देशपांड्याकडे असे. राज्याच्या पातळीवर शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत अमात्य म्हणजे मुजुमदार जमाखर्च पाहत असे, तर पेशवाईत फडणिसाचे पद इतके वजनदार झाले की नाना फडणवीस त्या पदाच्या नावानेच ओळखले जातात. कीर्द, खतावणी, तेरीज, बेहेडा, अजमास, ताळेबंद हे शब्द याच परंपरेतून आपल्यापर्यंत आले. त्यांतले काही फारसीतून आले, काही इथेच घडले. आज आपण संगणकावर 'ट्रायल बॅलन्स' काढतो, त्याला आपल्या कारकुनाकडे 'तेरीज' हा नेटका शब्द होता.

ही विद्या शिकवणारी पुस्तकेही होती. कारकुनाने कसे लिहावे, कसे वागावे, कोणत्या कागदाचा कोणता नमुना हे सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांना 'मेस्तक' म्हणत. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी परंपरा त्यांचे नाते जोडते. पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेत. औटकी म्हणजे साडेतीनची पट. शेर-पायलीच्या आणि आणे-पैच्या जगात हे पाठांतर म्हणजे मुलाच्या डोक्यात बसवलेले गणकयंत्रच होते.

गोव्यात यापेक्षा थोडी वेगळी व्यवस्था होती. तिथे गावकरी म्हणजे जमीन सामाईक धरणारी गावाची संस्था होती. पोर्तुगीज वसूल-अधिकारी आफोन्सु मेशिया याने 1526 साली तिसवाडी भागातल्या गावकरीच्या चालीरीती 'फोराल' म्हणून लिहून घेतल्या. त्यातही गावचा लेखनिक हा मानाचा आणि हक्काचा माणूस म्हणून येतो. पेडणे-डिचोलीसारख्या नव्या काबिजादीतले पुष्कळ जुने व्यवहार मोडी मराठीत आहेत. पणजीच्या पुराभिलेख खात्यात असे मोडी कागद जपलेले आहेत.

या व्यवस्थेत कौशल्य मोठे होते, यात शंका नाही. पण ते घराबाहेर जात नव्हते. बापाकडून मुलाला, काकाकडून पुतण्याला, असे ते वतनासारखे उतरत असे. कूळ, कष्टकरी, कारागीर आणि बाई यांच्यासाठी ते दप्तर म्हणजे बंद पेटी होती. आपल्या नावावर किती बाकी आहे हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे.

वहीला लागलेली आग

याचा परिणाम काय होतो ते 1875 साली दिसले. त्या वर्षी 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून तो प्रसिद्ध आहे. लोकांचा मुख्य रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, दस्तऐवज आणि वह्या हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. ज्याला वही वाचता येत नाही, त्याच्यापुढे ती जाळण्यावाचून दुसरा मार्ग उरला नव्हता.

सरकारने चौकशी समिती नेमली आणि 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्यता कायदा केला. सावकाराने कुळाला हिशेबाचा उतारा आणि पावती द्यावी, अशी तरतूद त्यात होती. कागदावर हे चांगले होते. पण पावती हातात आली तरी ती वाचणार कोण, हा प्रश्न उरलाच.

तो प्रश्न महात्मा जोतीराव फुल्यांनी नेमका ओळखला. अडाणी शेतकऱ्याला कुळकर्णी कसा नाडतो हे त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडले. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, खेड्यातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी आणि बालबोध लिहिणे-वाचणे याच्या जोडीला जमाखर्च घातला होता. शेतकऱ्याच्या मुलाला हिशेब आलाच पाहिजे, ही त्यांची मागणी होती. आज ती साधी वाटते. त्या काळी ती वतनाच्या मुळावर घाव घालणारी होती.

1918

इतिहासात काही वर्षे अशी असतात की दूरदूरच्या गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्यांचे नाते नंतर लक्षात येते. आपल्या विषयात 1918 हे तसे वर्ष आहे.

त्या वर्षी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुळकर्णी वतने रद्द केली आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमले. गावचे दप्तर जन्माने मिळणार नाही, शिकून आणि नेमणुकीने मिळेल, हा त्याचा अर्थ.

त्याच वर्षी मुंबई सरकारने लेखाशास्त्राची शासकीय पदविका सुरू केली. 'गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकौंटन्सी', लोकांच्या तोंडी जी.डी.ए. याआधी 1913 च्या कंपनी कायद्याने कंपनीचे हिशेब तपासणाऱ्याकडे सरकारी प्रमाणपत्र असणे आवश्यक केले होते. त्यात विलायतेतल्या लेखापाल संस्थांच्या सभासदांचे पारडे साहजिकच जड होते. जी.डी.ए. परीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षे उमेदवारी केली की इथेच, बोटीत पाऊल न ठेवता, देशभर व्यवसाय करण्याचा परवाना मिळू लागला. 1913 साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले होतेच. आशियातले ते पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते.

आणि याच 1918 च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुजू झाले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, घरातली माणसे झोपलेली असताना रात्री दोनला उठून अभ्यास करणारा विद्यार्थी आता व्यापारी विद्येच्या कॉलेजात शिकवत होता. तिथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पुढे 1925 ते 1928 या काळात ते मुंबईच्या बाटलीबॉय अकौंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत असत. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. लेखापालाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुंबईतल्या काही तरुणांना व्यापारी कायद्याचे धडे बाबासाहेबांकडून मिळाले आहेत.

परीक्षेचे दार आणि उंबरठा

दार उघडले, तरी उंबरठा उंच होता. परीक्षा इंग्रजीत. उमेदवारीसाठी मुंबईसारख्या शहरात राहणे भाग. शिवाय लेखापालाच्या हाताखाली शिकायला मिळावे म्हणून त्याला 'प्रीमियम' म्हणून रक्कम देण्याची विलायती पद्धत होती. गरीब घरच्या मुलाने दिवसा पेढीवर कारकुनी करायची आणि रात्री अभ्यास, हाच मार्ग होता. मुंबईतली वाचनालये या मुलांची खरी कॉलेजे होती. 1893 साली ठाण्यात आणि 1898 साली मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. चाळीच्या खोलीत दहा माणसे झोपत असताना अभ्यासाला जागा म्हणजे वाचनालयाचे टेबल किंवा रस्त्यावरचा दिवा. गोव्यातून शिक्षणासाठी आणि पोटासाठी मुंबईला गेलेल्या आमच्या लोकांना 1919 साली स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनचा आधार होता.

1932 साली केंद्र सरकारने लेखापालांची नोंदवही सुरू केली. त्यात नाव असलेला तो 'रजिस्टर्ड अकौंटंट', म्हणजे आर.ए. 1933 साली मद्रासच्या आर. शिवभोगम् जी.डी.ए. झाल्या. त्या भारतातल्या पहिल्या महिला लेखापाल. स्वातंत्र्य चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला होता आणि तुरुंगवास झालेल्याला नोंदणी नाकारणारा नियम आडवा आला, तेव्हा त्यांनी न्यायालयात दाद मागून तो अडथळा दूर केला.

स्वातंत्र्यानंतर संसदेने सनदी लेखापाल कायदा केला आणि 1 जुलै 1949 रोजी भारतीय सनदी लेखापाल संस्था अस्तित्वात आली. तिच्या मानचिन्हावर गरुड आहे आणि सगळे झोपलेले असताना जो जागा असतो त्याच्याविषयीचे कठोपनिषदातले वचन आहे. ते निवडणाऱ्यांच्या मनात परमात्मा होता हे खरे, पण रात्री एक वाजता घोटाळ्यात पडलेला ताळेबंद घेऊन बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते आपल्यासाठीच लिहिले आहे असे वाटते. पुढे प्रीमियम गेला. उलट उमेदवाराला विद्यावेतन देणे बंधनकारक झाले. टपालाने धडे पाठवण्याची सोय झाली आणि गावातल्या पोस्टमनच्या पिशवीतून लेखाशास्त्र खेड्यात येऊ लागले.

सहकाराने मागितलेले हिशेबनीस

मराठी माणसाच्या बाबतीत मात्र आणखी एक परीक्षा महत्त्वाची आहे, आणि तिच्यामागे सहकार आहे. 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. प्रत्येक संस्थेचे हिशेब दरवर्षी तपासले गेलेच पाहिजेत, हे त्यात पहिल्यापासून होते. 1875 च्या होळीतून मिळालेला धडा इथे कामी आला. ज्या पैशावर शंभर शेतकऱ्यांचा हक्क आहे, त्याची वही एकाच्या पेटीत राहता कामा नये.

पुढे 1925 चा मुंबईचा सहकार कायदा झाला, वैकुंठभाई मेहतांसारखी माणसे या कामात उभी राहिली आणि 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. गावोगावी विविध कार्यकारी सोसायट्या, दूध संघ, पतपेढ्या, शहरांत गृहनिर्माण संस्था निघाल्या. या सगळ्यांना हिशेब लिहिणारे आणि तपासणारे हवे होते, आणि तेवढे सनदी लेखापाल खेड्यात येणार कुठून?

ती गरज महाराष्ट्र शासनाच्या सहकार व लेखा पदविकेने भागवली. जी.डी.सी. अँड ए. ही अक्षरे आपल्या ओळखीतल्या कितीतरी नावांपुढे दिसतात. सहा प्रश्नपत्रिका असतात: लेखांकन, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास-तत्त्वे-व्यवस्थापन, सहकारी व इतर कायदे, सहकारी बँका व पतसंस्था, गृहनिर्माण व अन्य सहकारी संस्था. कॉलेजात नाव घालण्याची सक्ती नाही. पुस्तके आणायची, घरी अभ्यास करायचा, मे महिन्यात केंद्रावर जाऊन पेपर लिहायचे, आणि मराठीत लिहायचे. बँकेतला कारकून, शाळेतला मास्तर, सोसायटीचा सचिव, पंचायतीतला कर्मचारी या परीक्षेला बसतो. लेखापरीक्षण या विषयात मायबोलीतून अधिकार मिळवून देणारी ही परीक्षा म्हणजे जोतीरावांनी 1882 साली मागितलेल्या जमाखर्चाच्या धड्याचे उशिरा आलेले उत्तरच आहे.

गोव्यात एका रात्रीत बदललेली वही

आमच्या गोव्यात हा प्रवास वेगळ्या वळणाने झाला. पोर्तुगालला हिशेबाचे शिक्षण नवीन नव्हते. 1759 साली पोंबालच्या कारकिर्दीत लिस्बनला 'आउला द कोमेर्सियु' ही सरकारी व्यापारशाळा निघाली होती आणि त्या काळी युरोपातही अशा शाळा विरळाच होत्या. 1888 च्या पोर्तुगीज व्यापार संहितेने व्यापाऱ्याला कीर्द, खतावणी, मालमत्तेची यादी आणि पत्रव्यवहाराच्या नकला ठेवायला लावले. पण ही विद्या पेडण्याच्या कुळापर्यंत कधी पोचली नाही. उच्च शिक्षणाला मुलगा पाठवायचा तर सावंतवाडी, बेळगाव, मुंबई. 1955 नंतर भारत सरकारच्या आर्थिक नाकेबंदीने तो रस्ताही अवघड झाला. आमच्याच तालुक्यातले पत्रादेवी हे त्या वर्षीच्या 15 ऑगस्टच्या सत्याग्रहाने आणि तिथल्या हुतात्म्यांनी सर्वांना ठाऊक आहे.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. कचेरीत बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहा: एस्कुदो गेला आणि रुपया आला, पोर्तुगीज गेली आणि इंग्रजी आली, 'फाझेंद' गेले आणि भारतीय पद्धतीचे लेखा खाते आले. चाळिशीतल्या कारकुनाला नव्याने विद्यार्थी व्हावे लागले. शिकवायला वर्ग नव्हते. जुनी फाइल, नवे नियमांचे पुस्तक आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी, हीच शाळा. महाराष्ट्राचा 1960 चा सहकार कायदा गोव्याला लागू करण्यात आला आणि गोव्याचा स्वतःचा 2001 चा कायदा येईपर्यंत इथल्या सोसायट्या त्यावरच चालल्या. 1964 चा कूळ कायदा आला तेव्हा खंडाच्या पावतीचा एक चिटोरा किती मोलाचा असतो हे घराघरांत कळले. बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. 1966 साली पणजीत धेंपो वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा वाणिज्य शिकायला गोव्याबाहेर जाण्याची सक्ती संपली.

आजही गोव्याच्या सरकारी खात्यांत लेखापाल व्हायचे तर लेखा संचालनालयाची परीक्षा द्यावी लागते. ती देणारे बहुतेक जण संसारी असतात. सकाळची बस, दिवसभर फायली, संध्याकाळी बाजार आणि मुलांचा गृहपाठ, आणि मग दहा वाजता नियमांचे पुस्तक. खात्यांतून ऐकलेले एक वाक्य मला फार आवडते: "पोराच्या परीक्षेला मी त्याला उठवतो, माझ्या परीक्षेला तो मला उठवतो."

तेरीज जुळली, पुढे काय?

हिशेब हा विषय स्वतः शिकणाऱ्याला अनुकूल का, याचेही उत्तर त्याच्या रचनेत आहे. प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू असतात. जितके जमा तितके नावे. त्यामुळे शेवटी तेरीज मांडली की दोन्ही बाजू जुळतात की नाही हे विद्यार्थ्याला गुरूशिवाय कळते. नाही जुळल्या तर मागे जाऊन शोधायचे. पाच रुपयांचा फरक शोधताना जे शिकायला मिळते ते व्याख्यानात मिळत नाही.

पण याच विषयाची दुसरी बाजूही आहे. तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असे नाही. एखादा व्यवहार लिहिलाच नाही, दुरुस्तीचा खर्च मालमत्तेत घातला, एका चुकीने दुसरी चूक झाकली, तरी दोन्ही बाजू सुरेख जुळतात. म्हणून लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, हा नियम जगभर आहे. महाभारत लिहायला बसलेल्या गणेशाला व्यासांनी अट घातली होती की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. हिशेबनिसाला यापेक्षा चांगला नियम सांगता येणार नाही. आकडा उतरवणे सोपे आहे. तो का आला हे समजणे म्हणजे शिक्षण.

आज साधने भरपूर आहेत. मोबाइलवर व्याख्याने आहेत, जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. तरी सनदी लेखापालाच्या परीक्षेत प्रत्येक विषयात 40 आणि एकूण 50 टक्के गुण मिळवावे लागतात, आणि चांगली हुशार मुले दोन-तीनदा बसतात. ही परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. त्यामुळे कीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द सहकाराच्या परीक्षेतच काय ते जिवंत आहेत. ते गेले तर शब्दकोशातली चार पाने जातील, एवढेच नुकसान नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत शेवटच्या रांगेत बसलेल्या सभासदाला प्रश्न विचारता येईल अशी भाषा त्यांच्याबरोबर जाईल. वतन असे परतही येऊ शकते: या वेळी घराण्याच्या नावाने नव्हे, न समजणाऱ्या भाषेच्या नावाने.

यासाठी मंडळांना एक गोष्ट सहज करता येईल. उत्सव संपला की बहुतेक मंडळे जमाखर्च छापतात किंवा सभेत वाचून दाखवतात. वर्गणी, देणग्या, मंडप, मूर्ती, प्रसाद, शिल्लक. बहुतेकजण हात वर करून तो मंजूर करतात आणि चहाकडे वळतात. यंदा आठवी-नववीतल्या दोन मुलांना आधी ती वही द्या, त्यांच्याकडून तेरीज मांडून घ्या आणि सभेत त्यांनाच ती समजावून सांगू द्या. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना खजिनदारांनी उत्तरे द्यावीत. आपल्या आज्यांना आणि पणज्यांना जी वही कोणी दाखवली नाही, ती त्यांच्या पतवंडांच्या हातात उघडी असेल, आणि तिच्या पहिल्या पानावर 'श्री' असेल.